परक्या अंगणातील खेळ

खेळावे एकाने आणि पाहावे दहांनी, ही रीत जुनीच आहे. गावच्या मैदानावर कबड्डीचा सामना रंगला म्हणजे खेळणारे चौदा असतात आणि कडेला श्वास रोखून उभे राहणारे शेकडो. रेडिओवरून बाळ ज. पंडित मराठीत क्रिकेटचे समालोचन करीत, तेव्हा तर श्रोत्याला मैदानही दिसत नसे. एका माणसाच्या शब्दांतून सारा खेळ डोळ्यांपुढे उभा राही. म्हणून आज आपल्या घरातील मुलगा स्वतः न खेळता, दुसराच कोणी खेळत असलेला व्हिडिओ गेम मोबाइलवर तासन्‌तास पाहत बसलेला दिसला, तर काही जगावेगळे घडत आहे असे समजण्याचे कारण नाही. वेळेच्या अपव्ययाचा प्रश्न निराळा; त्याची चर्चा आपल्या धर्मग्रामांत पुष्कळ झाली आहे आणि पुढेही होत राहील. आम्हांला येथे दुसऱ्याच एका प्रश्नाकडे वळावयाचे आहे. त्या पाहण्यातून जो पैसा निर्माण होतो, तो न्यायाने कोणाचा?

पैसा निर्माण होतो हे आधी ध्यानात घेतले पाहिजे. खेळणारा आपल्या पडद्यावरील दृश्ये टिपतो, त्यांवर बोलतो, हसतो, चुकतो, ओरडतो, आणि तो व्हिडिओ यूट्यूबवर ठेवतो. चॅनेलला एक हजार सदस्य मिळाले आणि वर्षभरात लोकांनी ते चार हजार तास पाहिले, की त्याला जाहिरातींच्या उत्पन्नात वाटा मागता येतो. मोठ्या लांबीच्या व्हिडिओंवरील जाहिरातींच्या उत्पन्नापैकी ५५ टक्के रक्कम व्हिडिओ करणाऱ्याला मिळते, उरलेली यूट्यूबची. ज्याने तो खेळ रचला, चितारला, त्याला संगीत दिले, त्याच्या नावाचा रकाना या हिशेबात मुळात नाहीच.

कबड्डीच्या बाबतीत असा प्रश्न कधी उद्‌भवला नाही, कारण मैदानावर आखलेल्या रेषा कोणाच्याच मालकीच्या नाहीत. बुद्धिबळाचेही तसेच. २०१६ साली न्यूयॉर्क येथे जागतिक अजिंक्यपदाचा सामना चालू असताना आयोजकांनी इतर संकेतस्थळांना खेळाच्या चाली तत्काळ प्रसिद्ध करण्यास मनाई करावी अशी मागणी न्यायालयाकडे केली होती. न्यायालयाने ती मानली नाही. चाल ही घडलेली गोष्ट आहे, ती कोणाची मालमत्ता नव्हे. परंतु व्हिडिओ गेममध्ये पटही रचलेला असतो, प्याद्याचा चेहराही रेखाटलेला असतो, आणि वर दिसणारे आकाशसुद्धा कोणीतरी महिनोन्‌महिने बसून रंगविलेले असते. खेळाडू येथे परक्या अंगणात खेळतो, आणि त्या अंगणाचे छायाचित्र विकतो.

आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात व्हिडिओ गेमसाठी स्वतंत्र प्रकरण नाही. संगणकाची आज्ञावली ही साहित्यकृती, चित्रे ही कलाकृती, संगीत ही संगीतकृती, अशा तुकड्यांनी त्याला संरक्षण मिळते. त्याच कायद्याच्या ५२ व्या कलमाने टीका, परीक्षण किंवा खाजगी उपयोग यांसाठी न्याय्य वापराची मुभा दिलेली आहे. पण आठ तासांचा संपूर्ण खेळ, मधूनमधून खदखदून हसत, शेवटच्या दृश्यापर्यंत दाखविणे हे परीक्षण म्हणावे काय? परीक्षकाने कादंबरीतील चार उतारे द्यावेत हे आपण समजू शकतो. त्याने सारी कादंबरीच छापली आणि समासात शेरे मारले, तर त्याला परीक्षक म्हणताना जीभ अडखळते. कायद्याची ही धूसरता असल्यामुळे जगभर व्यवहार चालतो तो परवान्यावर. कंपनी आपले नियम जाहीर करते आणि त्या नियमांच्या कुंपणात लाखो मुले खेळतात, बोलतात आणि कमावतात.

हे नियम कसे घडले हे पाहणे उद्‌बोधक आहे. २०१३ साली जपानच्या निन्टेन्डो कंपनीने यूट्यूबच्या ‘कन्टेन्ट आयडी’ या यंत्रणेचा आधार घेतला. ही यंत्रणा मालकाने नोंदविलेली दृश्ये व ध्वनी इतरांच्या व्हिडिओंत आपोआप हुडकून काढते; मग मालकाने तो व्हिडिओ रोखावा, त्याच्या जाहिरातींचे उत्पन्न स्वतःकडे वळवावे, किंवा नुसती नजर ठेवावी. निन्टेन्डोने उत्पन्न स्वतःकडे वळविले. ज्यांनी रात्री जागून आपल्या आवाजाने आणि विनोदबुद्धीने प्रेक्षक जमविले होते, त्यांच्या हाती काहीच उरले नाही, आणि मोठा गहजब झाला. २०१५ साली त्याच कंपनीने वाटणीची योजना आणली: आपल्या वाट्याला आलेल्या जाहिरात-उत्पन्नातून एकेका व्हिडिओसाठी ६० टक्के आणि संपूर्ण चॅनेल नोंदविल्यास ७० टक्के ती व्हिडिओ करणाऱ्याला देणार होती. परंतु कोणते खेळ दाखवावेत याची यादी कंपनीचीच. अखेर २०१८ च्या शेवटी ही योजना गुंडाळण्यात आली आणि सुटसुटीत नियम आले. व्हिडिओत करणाऱ्याची स्वतःची कल्पकता किंवा भाष्य असावे, नुसती दृश्ये उचलून ठेवू नयेत, आणि कमाई करावयाची ती यूट्यूबसारख्या ठरलेल्या व्यवस्थेतूनच करावी. मायक्रोसॉफ्टचेही नियम साधारण याच वळणाचे आहेत: जाहिरातींतून मिळवा, पण पाहण्यासाठी प्रेक्षकाकडून पैसे घेऊ नका.

२०१३ चा पवित्रा आमच्या मते अन्यायाचा होता. अंगण आपले म्हणून त्यात नाचणाऱ्याचे पायही आपले, असे कोणत्याही मालकाला म्हणता येत नाही. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९१ च्या ‘सेन्तेसिमुस आन्नुस’ या परिपत्रकात ज्ञान, तंत्र आणि कौशल्य ही आजच्या काळातील नवी मालमत्ता असल्याचे म्हटले आहे आणि ती जमिनीपेक्षा कमी महत्त्वाची नाही असेही सांगितले आहे. त्याच परिपत्रकात, खाजगी मालकी न्याय्य असली तरी सृष्टीतील वस्तू मुळात सर्वांसाठी आहेत, या ख्रिस्तसभेच्या जुन्या शिकवणीची पुन्हा आठवण करून दिली आहे. जमीनदाराला जे बंधन, ते पडद्यावरील जमिनीच्या मालकालाही लागू पडावे. २०१८ चे नियम या दृष्टीने बरेच शहाणपणाचे आहेत, असे आम्हांला वाटते.

मग प्रश्न मिटला काय? नियम पाळला, परवाना होता, दोघांनाही लाभ झाला. पुष्कळदा खरोखरच असे होते. ‘माइनक्राफ्ट’ या खेळाचे उदाहरण घ्यावे. त्यात मुले चौकोनी ठोकळ्यांनी घरे, किल्ले, शहरे रचतात. स्वीडनमधील त्याच्या निर्मात्यांनी व्हिडिओ करणाऱ्यांना आरंभापासून मोकळीक दिली. एका मुलाने रचलेला किल्ला पाहून दुसऱ्याला आपलाही किल्ला रचावासा वाटतो, आणि तो खेळ विकत घेतो. २०१४ साली मायक्रोसॉफ्टने ती कंपनी अडीचशे कोटी डॉलर्सना विकत घेतली, आणि २०२३ पर्यंत या खेळाच्या तीस कोटींहून अधिक प्रती खपल्या. येथे पाहणाऱ्याने काही हिरावून घेतले असे म्हणणे हास्यास्पद ठरेल. दुसऱ्याचा किल्ला पाहून स्वतःचा किल्ला रचल्याचे समाधान मिळत नाही.

आता दुसरा एक खेळ पाहू. अमेरिकेतील रायन आणि एमी ग्रीन या ख्रिस्ती दांपत्याचा जोएल हा मुलगा जेमतेम एक वर्षाचा असताना त्याच्या मेंदूत कर्करोगाची गाठ असल्याचे निदान झाले. डॉक्टरांनी दिलेली मुदत ओलांडून तो आणखी काही वर्षे जगला. त्या काळातच वडिलांनी काही सहकाऱ्यांसह एक व्हिडिओ गेम रचावयास घेतला. ‘दॅट ड्रॅगन, कॅन्सर’ हे त्याचे नाव. २०१४ च्या मार्च महिन्यात, पाच वर्षांचा असताना, जोएल गेला. जो खेळ झुंजीचा व्हावयाचा होता, तो शोकाचा झाला, आणि जानेवारी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला.

या खेळाचा भर शत्रू मारण्यावर किंवा गुण मिळविण्यावर नाही. एका प्रसंगी बाप रुग्णालयाच्या खोलीत रात्रभर आपल्या तान्ह्या मुलाजवळ असतो. मूल तहानेने कळवळून रडते. त्याला रस पाजावा तर तो पोटात ठरत नाही. खेळणारा कळ दाबून दाबून थकतो. उचलून घेतो, झुलवितो, येरझारा घालतो. रडणे थांबत नाही. शेवटी बाप प्रार्थनेला लागतो, आणि मूल शांत होते. ज्या घराने असे एखादे दुखणे पाहिले आहे, त्याला हा प्रसंग समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. देव कोठे आहे, त्याने ही प्रार्थना ऐकली आणि ती दुसरी का ऐकली नाही, हे प्रश्न या खेळात उघडपणे विचारले आहेत. त्यांची सोपी उत्तरे दिलेली नाहीत, ही त्याची मोठी प्रामाणिकता.

हा खेळ सुमारे दोन तासांचा, आणि एकाच वाटेने जाणारा. खेळणाऱ्याने काहीही केले तरी जोएल वाचत नाही. त्यामुळे झाले असे की, अनेकांनी तो प्रारंभापासून शेवटपर्यंत खेळून यूट्यूबवर ठेवला, आणि लाखो लोकांनी तो तेथेच पाहिला, अश्रू गाळले व पुढे गेले. विक्री मात्र त्या मानाने अगदी थोडी झाली. मार्च २०१६ मध्ये निर्मात्यांनी एक लेख लिहून आपली व्यथा मांडली. खेळाच्या विक्रीतून आपल्या हाती अद्याप एक डॉलरही पडलेला नाही, मिळाले ते कर्ज फेडण्यात गेले, असे त्यांनी सांगितले. संगीतकाराने आपले संगीत कन्टेन्ट आयडीमध्ये नोंदविले होते, म्हणजे त्याला जाहिरातींतून थोडे काही मिळावे. त्यावरही व्हिडिओ करणाऱ्यांनी नाराजी व्यक्त केली. निर्मात्यांची विनंती फार मोठी नव्हती. खेळाचा काही भागच दाखवा, त्यावर स्वतःचे बोला, आणि पाहणाऱ्यांना सांगा की मनाला भिडले असेल तर एखादा डॉलर तरी द्या.

माइनक्राफ्टचा व्हिडिओ करणारा आणि या खेळाचा व्हिडिओ करणारा यांनी वरवर पाहता एकच कृत्य केले. तीच यंत्रणा, तोच ५५ टक्के वाटा. आणि तरीही आम्हांला ही दोन कृत्ये नैतिकदृष्ट्या एक वाटत नाहीत. पाहून झाल्यावर मूळ कृतीत काय उरते, यावर हा भेद अवलंबून आहे. एका ठिकाणी पाहणे म्हणजे दुकानाच्या काचेतून आत डोकावणे. दुसऱ्या ठिकाणी पाहणे म्हणजे ताट संपविणे. कंपन्यांचे नियम हा फरक करीत नाहीत, कारण ते बहुधा मोठ्या कंपन्यांनी आपल्या मोठ्या खेळांसाठी लिहिलेले असतात. त्यांना प्रसिद्धी हवी असते. ज्याच्या पदरी एकच कहाणी आहे आणि ती दोन तासांत सांगून होते, त्याने काय करावे?

जपानमधील न्यायालयाने याचे कठोर उत्तर दिले आहे. ‘स्टाइन्स गेट’ या मालिकेतील एक खेळ, जो खेळण्यापेक्षा वाचण्याचाच अधिक, एका गृहस्थाने शेवटासकट यूट्यूबवर ठेवून जाहिरातींचे उत्पन्न मिळविले. काही चित्रपटसदृश मालिकांची दृश्येही त्याने परवानगीविना वापरली होती. सप्टेंबर २०२३ मध्ये सेंदाईच्या जिल्हा न्यायालयाने त्याला दोन वर्षांची कैद, पाच वर्षे स्थगित, आणि दहा लाख येन दंड अशी शिक्षा दिली. त्यापूर्वी २०१७ साली ‘पर्सोना ५’ च्या निर्मात्यांनी दुसरा उपाय योजला होता: कथानकातील अमुक तारखेच्या पुढचे काही दाखवू नये, नाही तर कारवाई होईल. ओरड झाल्यावर ती तारीख पुढे ढकलण्यात आली. त्यांचा हेतू आम्हांला समजतो. पण धमकीने राखलेले रहस्य आणि वाचकाच्या सौजन्याने राखलेले रहस्य यांत अंतर आहे.

हा वाद आपल्या परंपरेलाही नवीन नाही. आयर्लंडच्या संत कोलंबा यांच्याविषयी एक आख्यायिका सांगतात. सहाव्या शतकात त्यांनी आपले गुरू फिनियन यांच्याकडील स्तोत्रसंहितेची प्रत रात्री गुपचूप उतरवून घेतली. गुरूंनी प्रत मागितली, शिष्याने नाकारली, आणि वाद राजा डर्मॉटपुढे गेला. गाईमागे जसे वासरू जाते तशी पोथीमागे तिची प्रत जावी, असा निवाडा राजाने दिला. पुढे त्यावरून युद्ध पेटले, रक्त सांडले, आणि कोलंबा आयोना बेटावर निघून गेले, असे कथा सांगते. या कथेत आम्हांला नेहमी एक गोष्ट खटकते. फिनियन यांच्यापाशी पोथी होती हे खरे. पण स्तोत्रे त्यांनी रचलेली नव्हती. राजाने गाय ज्याच्या गोठ्यात होती त्याच्याकडे वासरू दिले. स्तोत्रकर्त्याचा विचार दरबारात कोणी केला नाही.

आजच्या दरबारातही बहुधा असेच घडते. ‘कंपनीचा हक्क’ असे आपण म्हणतो तेव्हा पडद्यावरील आकाश रंगविणाऱ्या चित्रकाराला त्यातून काही मिळते असे नाही. नोकरीत असताना केलेल्या कामाचा पहिला मालक नोकरी देणारा, हे आपल्या कायद्यातही लिहिलेले आहे. चित्रपटगीतांच्या बाबतीत २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार व संगीतकार यांना स्वामित्वधनाचा वाटा मिळाला, आणि तो करारावर सही घेऊन कोणाला काढून घेता येत नाही अशी तरतूद झाली. त्यासाठी जावेद अख्तर यांनी राज्यसभेत आवाज उठविला होता. व्हिडिओ गेमच्या चित्रकारासाठी असे कोणी अद्याप बोललेले आमच्या ऐकिवात नाही. तेव्हा पाहणाऱ्याने दिलेला डॉलर ग्रीन कुटुंबासारख्या छोट्या निर्मात्यांच्या घरी पोहोचतो, आणि मोठ्या कंपनीला दिलेला डॉलर कोठे जातो हे सांगणे कठीण, हाही भेद मनात धरावा लागतो. (प्रताधिकारावर फार आवेशाने बोलण्यापूर्वी आपल्या धर्मग्रामातील कोणत्याही गायकवृंदाची फाईल उघडून त्यातील झेरॉक्स प्रती मोजाव्यात. आवेश थोडा उतरतो.)

परवान्यावर चालणाऱ्या कमाईचा आणखी एक धोका आहे, आणि तो आपल्या मुलांच्या दृष्टीने फार जवळचा आहे. परवाना म्हणजे हक्क नव्हे. २०१७ साली ‘फायरवॉच’ या खेळाच्या निर्मात्यांनी एका अतिशय प्रसिद्ध यूट्यूबरविरुद्ध कॉपीराइटची नोटीस काढली. त्यांचा खेळ कोणीही दाखवावा, अशी मुभा त्यांनी स्वतःच दिलेली होती. पण या गृहस्थाने दुसराच खेळ खेळताना वर्णद्वेषी शिवी उच्चारली होती. त्यांच्या संतापाशी आम्ही सहमत आहोत. परंतु कॉपीराइट हे शिवीगाळीला शिक्षा देण्याचे साधन आहे काय? आज शिवीसाठी परवाना मागे घेतला, उद्या कडू परीक्षणासाठी घेतला जाईल. आपल्या देशात तर कंपनीच्याही वर सरकार आहे. सप्टेंबर २०२० मध्ये पबजी मोबाइलवर बंदी आली. त्याच्या जागी २०२१ साली आलेला बीजीएमआय जुलै २०२२ मध्ये दुकानांतून नाहीसा झाला आणि मे २०२३ मध्ये परतला. ज्यांचे सारे चॅनेल त्या एका खेळावर उभे होते, त्यांच्या पायाखालची जमीन दोनदा सरकली. अशा बंदीची कारणे योग्य असोत वा अयोग्य. परक्या अंगणात दुकान मांडणाऱ्याला दार केव्हा बंद होईल ते कोणी आधी सांगत नाही.

म्हणून पंधरासोळा वर्षांचा मुलगा “मला चॅनेल काढायचे आहे” असे म्हणतो, तेव्हा त्याला केवळ अभ्यासाची आठवण करून देऊन भागणार नाही. अठरा वर्षांखालील मुलाची कमाई आईवडिलांच्या खात्याला जोडल्याशिवाय त्याला मिळूच शकत नाही. म्हणजे हिशेबात आपणही सामील आहोत. कोणता खेळ दाखवितोस, तो कोणी केला, त्यात तुझे स्वतःचे किती, हे प्रश्न त्याला विचारण्याचा अधिकार आपल्याला त्या सहीनेच प्राप्त होतो. सातवी आज्ञा ‘चोरी करू नको’ एवढेच म्हणते. यूट्यूबच्या नियमावलीत काय बसते हे ती सांगत नाही. मुलगा नियमावली दाखवील, आणि ती बरोबरही असेल. तरी त्याच्याबरोबर बसून, त्याच्या व्हिडिओत त्याचा आवाज काढून टाकला तर काय उरते, हे एकदा पाहावे. काही उरत नसेल तर व्हिडिओ त्याचा आहे. सर्वच उरत असेल, तर त्यातील जाहिरातीचे पैसे घेताना दुसऱ्या कोणाचे तरी घर डोळ्यांपुढे आणावे लागेल.

पाहणाऱ्याचीही एक बाजू आहे, आणि ती आम्ही हलकी मानीत नाही. पंधरा डॉलर ही रक्कम आपल्या वाड्यांतील पुष्कळ घरांत मुलाच्या खेळावर खर्च होण्यासारखी नाही. ज्याला विकत घेणे शक्यच नव्हते त्याने पाहिले, तर निर्मात्याचे नुकसान झाले असे म्हणता येणार नाही. उलट जोएलची कहाणी जेथे कधीच पोहोचली नसती तेथे पोहोचली. ग्रीन दांपत्याला हेही ठाऊक होते. लोकांनी आपल्या मुलाला ओळखावे, म्हणून तर त्यांनी तो खेळ केला होता.

त्या खेळात रुग्णालयाचा एक लांब भाग आहे. तेथे जागोजागी शुभेच्छापत्रे मांडलेली आहेत. खेळाच्या निर्मितीला ज्यांनी साहाय्य केले, त्यांनी आपल्या स्वतःच्या गमावलेल्या माणसांसाठी लिहिलेले ते संदेश आहेत. कोणाची आई, कोणाचे मूल, कोणाचा मित्र. खेळणाऱ्याला हवे तर तो प्रत्येक पत्रापाशी थांबून ते उघडू शकतो. यूट्यूबवर पाहणाऱ्याला मात्र व्हिडिओ करणारा जेथे थांबेल तेथेच थांबता येते, आणि तो बहुधा एकदोन पत्रे वाचून पुढच्या दाराकडे वळतो.